नवापूरचं सदर कोण वाचतं?

सोमवार, सकाळी साडेदहा. पालघर. आमच्या न्यूज पोर्टलचं ऑफिस: दोन खोल्या, चार खुर्च्या. मालक नाईकसाहेबांनी वाचकांच्या आकड्यांचा कागद टेबलावर आपटला. "नवापूरचं सदर बंद! एकही वाचक नाही!"

तीस वर्षं बातमीदारी केली की किस्से साठतातच. पूर्वी ते पोलीस ठाण्यात आणि पंचायत समितीत साठायचे. हल्ली वेबसाइटवर कोण आलं, कोण गेलं हे मोजण्यातच रोज एक साठतो.

नवापूर हे आमच्या जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं गाव; त्याचं सदर तिथलीच रंजना लिहिते. मासळीबाजार आटोपून, मोबाइलवर. किनाऱ्याला लागणाऱ्या रसायनाच्या पाण्यावर आमच्याकडे ती एकटी सलग लिहिते. कागदावर मात्र मुखपृष्ठाला भरपूर वाचक, बाकी सगळीकडे भोपळा!

मी भडकलो. "अख्खा जिल्हा नुसतं मुखपृष्ठ वाचतो? मग बातम्या आपण भिंतीला सांगतो का?"

"आकडा खोटं बोलत नाही."

"आकडा बोलतच नाही साहेब, त्याला कोणीतरी बोलायला लावतं!"

भांडून महिनाअखेरपर्यंत मुदत मिळवली.

*

साइट बांधणारी प्रणाली बोईसरहून आली. पाच मिनिटांत निदान. आमची साइट म्हणजे मुळात एकच पान. बातमीवर बोट टेकवलं की नवं पान उघडत नाही, त्याच पानातला मजकूर बदलतो. मोजणारा कोड मात्र सुरुवातीला एकदाच चालतो.

"म्हणजे गेटवरचा वॉचमन," मी म्हणालो. "माणूस आत आला एवढंच लिहितो. कुठल्या खोलीत गेला, त्याला पत्ता नाही."

"अगदी तसंच काका. आता प्रत्येक खोलीच्या दारात एक उभा करते."

"मग आधीच का नाही केलास?"

"कोटेशनमधली या कामाची ओळ साहेबांनी खोडली होती!"

नाईकसाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

*

दुसऱ्या दिवशी मुखपृष्ठाचा आकडा एकदम दुप्पट. साहेबांनी पेढे मागवले. पहिला पेढा अर्धा तोंडात असतानाच प्रणालीचा फोन: "साहेब, नवे वॉचमन आले, पण गेटवरचा जुना काढायचा राहिला. आत येणारा प्रत्येक जण दोनदा लिहिला जातोय!"

साहेबांनी उरलेला अर्धा पेढा परत डब्यात ठेवला.

*

मग राशिभविष्याला एक जबरदस्त वाचक सापडला. पालघरमधलाच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, पुन्हा पुन्हा तेच पान. साहेब खूश. "याला म्हणतात निष्ठा! याची मुलाखत घ्या!"

प्रणालीने ऑफिसचे कॉम्प्युटर मोजणीतून वगळले. त्या क्षणी तो वाचक वारला!

मी साहेबांना एवढंच विचारलं, "मुलाखत कधी घेऊ?"

*

वाचकांना न विचारता मोजणं बरं नाही, म्हणून साइटवर पट्टी आली: 'तुमच्या भेटीची नोंद ठेवू का? हो / नको.' संध्याकाळी रंजनाचा फोन.

"काका, आमच्याकडं 'हो' कोनी दाबत नाय. नोंद म्हटली की लोकांना वाटतं, जमिनीचा सर्वेवाला आला!"

"मग वाचत नाहीत?"

"वाचतात ना! 'नको' दाबतात नि वाचतात. नि एक जन उघडतो, बाजूचे धा जन ऐकतात. ते तुमी कसं मोजनार?"

मी हे शब्दशः साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, "ऐकणारे आकड्यात धरत नाहीत."

गावातले 'नको'वाले मोजणीत नव्हते, तरीही बाहेरच्या वाचकांच्या जोरावर महिनाअखेरीस नवापूरचं सदर दुसऱ्या क्रमांकावर होतं, मुखपृष्ठाच्या खालोखाल. साहेबांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात टाकला आणि पुटपुटले, "चालू ठेवा." रंजनाने सुके बोंबील पाठवले. साहेबांनाही पाठवले, आणि त्यांनी ते घेतले!

*

सगळ्यात भारी किस्सा त्यानंतरचा. रसायनाच्या पाण्याची रंजनाची बातमी मी एका सरकारी कार्यालयाला ईमेल केली आणि खुलासा मागितला. त्या ईमेलमधल्या लिंकला प्रणालीने वेगळी खूण लावली होती, म्हणजे तिच्यावरून कोणी आलं की मोजणीत वेगळं दिसतं. ती लिंक मी दुसऱ्या कोणालाही पाठवलेली नाही.

कार्यालयाचं लेखी उत्तर आलं: "अशा आशयाची बातमी या कार्यालयाच्या निदर्शनास आलेली नाही."

ती लिंक कामाच्या प्रत्येक दिवशी, अकराच्या सुमारास उघडली जाते. मोजणीला 'हो' म्हटलेलं आहे. बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली जाते.

मी पत्र देऊन विचारलं: आपल्याकडे ही बातमी रोज कोण वाचतं?

पत्राची पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.