दात कसे हायत पाहुण्यांचे?

सोलापुरात आलेल्या पाहुण्याला जेवायला कुठं न्यावं, असं कुणी विचारलं की आमच्या शेजारच्या टेबलाचे गृहस्थ आधी पेनाला टोपण लावत, चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "दात कसे हायत पाहुण्यांचे?" दुसरा प्रश्न ठरलेला. "आनि भूक किती वाजता लागनार?" जागेचं नाव त्यानंतर.

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे विचारतात. त्याच्या शेजारी माझ्यासारखाही एखादा असेल, ज्याला कुणीच विचारत नाही. त्याच्याकडे तुम्ही बहुधा पाहिलं नसेल, म्हणून आज मी लिहितो आहे.

खरं तर सोलापुरात राहत होतो मी. चांगली बारा वर्षं. हे गृहस्थ रोज सकाळच्या गाडीनं होटगीहून यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. तरी शहर त्यांचं आणि मी पाहुणा, अशी वाटणी कशी झाली कोण जाणे. माझं ज्ञान कचेरीच्या कँटीनपाशी सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. त्यांचं मात्र गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. "इडली खायची तर पूर्व भागात, पयल्या भोंग्याला. साळी लोक विणायला मागावर बसायच्या आत खाऊन घेत्यात. मागनं जाल तर चटणीत पानी." रसवंती कोणती, तर जिचा बैल म्हातारा असेल ती. का, तर तो सावकाश फिरतो आणि उसाचा दम निघेपर्यंत रस निघतो. हे खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. पण हेडक्लार्कचे पुण्याचे जावई तो रस पिऊन सासऱ्यांना म्हणाले होते, "तुमच्या कचेरीत जाणकार माणसं आहेत." हेडक्लार्कनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. त्या दिवशी मी दोन वेळा बेरीज चुकलो.

माझी बायकोसुद्धा फितूर होती. तिची बहीण आली तेव्हा मी टोपी घालून निघालो, तर म्हणते, "अहो, एकदा त्यांना विचारून घ्या ना."

अशातच बाबा मोहोळहून आमच्याकडे आले. बाबा प्राथमिक शाळेतले मास्तर, निवृत्त झालेले. आई जाऊन सहा महिने झाले होते आणि तेव्हापासून त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं होतं. सून आग्रह करायची, ते दोन घास खाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे. "झालं की," म्हणायचे. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं.

मी मनाशी ठरवलं, की बाबा पोटभर जेवतील ते माझ्या हातून. शेजारच्या टेबलाला यात घ्यायचं नाही.

पण न्यायचं कुठं? हेडक्लार्कच्या जावयांना गृहस्थांनी बाळीवेशीतली एक खाणावळ सांगितली होती, ती मी चोरून टिपून ठेवली होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, आमटी. कागदाचा तुकडा खिशात घालून मी बाबांना घेऊन गेलो. बाबांच्या पुढ्यात पापडासारखी पातळ, खणखणीत वाळलेली ज्वारीची भाकरी आली आणि मी सरसावून बसलो.

"कसं आहे बाबा?"

"चांगलं हाय की."

"चटणी घ्या ना."

"घेतली."

"आवडलं का पण?"

अकरा वेळा तरी विचारलं असेन. त्यांचा प्रत्येक घास मी डोळ्यांनी मोजत होतो. बाबांनी एकदा तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं, आणि तिसऱ्यांदा पुसताना मला दिसलं, की भाकरीचे तुकडे ते गुपचूप रुमालात काढून ठेवत होते. वरचे दोन दात आणि खालचे तीन, एवढाच बाबांचा ऐवज. जावयांना बत्तीस होते. टिपताना मी नेमका पहिला प्रश्न गाळला होता.

दुसऱ्या दिवशी बाबा माझी कचेरी पाहायला म्हणून आले. मला साहेबांनी आत बोलावलं. अर्ध्या तासानं बाहेर येतो तो बाबा नाहीत आणि शेजारचं टेबलही रिकामं.

संध्याकाळी बाबा सुनेला सांगत होते. इतकं सलग बोलताना मी त्यांना सहा महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"दीड भाकरी खाल्ली पोरी."

"कुठं गेला होता मामंजी?"

"बाळीवेशीत हाय एक खाणावळ. ह्याच्या शेजारी बसत्यात त्यांनी काय केलं, आधी भाकरी गरम आमटीत चुरून ठिवली, वर दह्याचा गोळा. आनि म्हनले, गुरुजी, आता हिच्याकडं बघायचंच न्हाय. आपन बोलू. ती तिच्या मनानं मऊ व्हईल."

"काल मीही तिथंच नेलं होतं," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय का? कालची निराळी वाटली."

"काय बोललात एवढं?"

"असंच. हिकडचं तिकडचं."

दुसऱ्या दिवशी गृहस्थ मला म्हणाले, "तुमचे वडील लई गोड मानूस हो." आपल्याच बापाची अशी शिफारस दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घ्यायची, याहून मोठी शिक्षा कचेरीत नसेल. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, हे आणखीच वाईट.

मग त्यांची बदली झाली, थेट भंडाऱ्याला. निरोपाच्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "तिकडं भात खात्यात म्हनं." होटगीची गाडी सुटायच्या वेळेला ते गेले आणि शेजारचं टेबल फायलींनी भरलं. मला वाटलं होतं, आता लोक मला विचारतील. कुणी विचारलं नाही.

आठवड्यानं त्यांच्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. शिपायानं ते माझ्यापुढे टाकलं. अक्षर बाबांचं होतं; ते तोवर मोहोळला परतले होते. कार्ड उघडंच असतं, त्यामुळे वाचलं असं म्हणता येणार नाही, दिसलं.

"आपणांबरोबर जेवलो ते अंगी लागले, कारण तासभर आपण चिरंजीवांविषयीच सांगत होता. त्याचे काम चोख असते, साहेब त्याला विचारून सही करतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. तो घरी काही सांगत नाही. आदल्या दिवशी त्यानेच मला तेथे नेले होते. पण पोराने इतक्या हौसेने नेलेले, की त्याच्या तोंडाकडे पाहून घास उतरेना. त्याची आई असती तर तिने बघितले असते, असे सारखे मनात येई. हे चिरंजीवांस कळवू नये."

बाबांनी माझ्याबद्दल लिहिलेलं ते एकच पत्र, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर.

आठ दिवस ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. नवव्या दिवशी जुना पत्ता खोडला, भंडाऱ्याचा घातला आणि स्टेशनजवळच्या पेटीत टाकलं. टाकल्यावर फटीतून हात घालून पाहिला. पोचत नव्हता.