तेहतीसवर वाजलेल्या रेकॉर्ड

सावंत अल ऐनला नोकरीवर परत आल्याचं कळलं आणि ठरवलं, त्यांचं खोकं आता पोचवायचं. २००९ च्या मंदीत नोकरी गेली तेव्हा दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधले आमचे हे शेजारी महिनाभरात मुंबईला परतले. विमानाच्या वजनात बसेना म्हणून रेकॉर्ड प्लेअर आणि एका अमेरिकन बँडच्या दोन रेकॉर्ड आमच्याकडे ठेवून गेले. माझी नोकरी देवाच्या कृपेने टिकली. सायली तेव्हा दहा वर्षांची होती. त्याच दोन रेकॉर्ड ऐकत ती बेस गिटार शिकली. आता सोळाची आहे.

शुक्रवारी सकाळी निघालो. गाडीने दीड तास, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना लालसर वाळू. वाटेत करक चहा, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा, जरूर घ्या. एक दिरहम, म्हणजे सोळा-सतरा रुपये. दुपारच्या नमाजापर्यंत दुकानं बंद असतात, तेव्हा आधी खजुरांच्या बागेत फिरा. सावलीतून पाटाचं पाणी वाहतं. मी तिथे पाच मिनिटं डोळे मिटून बसलो.

सायलीने गिटार बरोबर घेतली होती. ही गाणी माहीत असलेल्या माणसापुढे ती पहिल्यांदाच वाजवणार होती. "बाबा, ही विल लाफ ॲट मी," एवढंच म्हणाली.

सावंतांनी आमटी-भात वाढता वाढता बँडची गोष्ट सांगितली. एका कॉलेजच्या गावातली चार पोरं, गॅरेजात सराव, त्यांची गाणी रेडिओवर कधी लागली नाहीत, पाच वर्षांत बँड मोडला. पण ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी पुढे आपापले बँड काढले.

जेवण झाल्यावर सायलीने वाजवलं. सावंतांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी खोक्यातून प्लेअर काढला, वेगाचं बटण फिरवलं, रेकॉर्ड लावली. तेच गाणं धावत सुटलं. सायलीचा चेहरा उतरला.

"मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची रेकॉर्ड तेहतीसवर कुणी लावली, महाराज?" सावंतांनी मला विचारलं.

मीच. गावच्या देवळात भोंग्यावर रेकॉर्ड लावायचं काम माझ्याकडे असे. मोठी तेहतीसवर, लहान पंचेचाळीसवर, एवढंच ठाऊक. या दोन्ही मोठ्या होत्या, पण पंचेचाळीसच्या. लेबल मी वाचलंच नाही. गाणारा दमलेला वाटे, तो त्याचा स्वभाव समजलो. पोरीने त्या उतरलेल्या सुराला जुळवायला तारा सैल करून सहा वर्षं तेच घोटलं.

मी तिची माफी मागितली. ती गिटार पिशवीत घालू लागली.

"थांब गं," सावंत म्हणाले. "परत वाजव. तुझ्याच चालीने."

या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मला म्हणाले, "या बँडची नक्कल करणारे ढिगाने झाले, महाराज. कुणाच्या लक्षात नाहीत. ज्यांना नक्कल जमली नाही, ते राहिले." खोकं त्यांनी स्वतः आमच्या गाडीत ठेवलं.

घरी येऊन मी देवापुढे निरांजन लावलं. आतल्या खोलीत सायलीने लावलेलं गाणं पंचेचाळीसवर सुरू झालं, थांबलं. बटण खटकन फिरल्याचं ऐकू आलं आणि गाणारा पुन्हा आमच्या ओळखीच्या दमलेल्या आवाजात गाऊ लागला. मी हात जोडले.