तीन दिवस वाहत्या पाण्यात

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत होते. गडचिरोलीकडच्या आमच्या गावातून दोघे भरती झाले होते. परत ते एकटेच आले. दुसरा तापाने गेला, एवढेच त्यांनी घरी सांगितले. त्याची बायको आमच्या शेजारीच राहत असे. तिच्या मुलीचे लग्न मोठेबाबांनी लावून दिले.

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. रविवारच्या पुरवणीसाठी युद्धकैद्यांवर मजकूर हवा होता. मोठेबाबा त्या विषयावर बोलत नसत. म्हणून छावणीतला त्यांचा एक सोबती शोधत राजुऱ्याला गेलो. तो दारात खाटेवर बसला होता. छावणी एका बेटावर होती; तिथे दिवसाला मूठभर तांदूळही मिळत नसे, म्हणाला.

"तुह्या मोठेबाबाले जंगल दिसलं का चूल दिसे. हे पान खा, ते सोलून खा. आम्ही त्याले वैद्यबुवा म्हणो. बांबूचे कोंब त्यानंच खाऊ घातले. नाईतर मी इथी खाटेवर कायचा बसतो?"

मग एकदा कडू कांदा, म्हणजे रानातला विषारी कंद, सापडला. आमच्याकडे तो कापून तीन दिवस वाहत्या ओढ्यात ठेवतात. विष निघून गेले की शिजवतात. छावणीत तो दोनच दिवस पाण्यात राहिला.

"मोठेबाबा नाही म्हणाले नाहीत?"

"म्हणे ना, आणखी एक दिवस ठेवा म्हणे. मंग त्यानंच पाण्यातून काढला. त्याचा गाववाला भुकेनं रडून राह्यला होता. सगळ्यांनी खाल्ला, तुह्या मोठेबाबानंही. आम्ही ओकलो, वाचलो. गाववाला दुपारपर्यंत गेला."

मी तारीख विचारली. त्याला आठवत नव्हती. वहीत तेवढी जागा कोरी सोडली.

गावी जाऊन मोठेबाबांना सगळे वाचून दाखवले. ते अंगणात टोपली विणत होते. हात थांबले नाहीत.

"एक दिवस कमी पडला," ते म्हणाले. "छापून राह्यला का?"

"नावे नाहीत. पण गाव येईल."

"मंग तिले विचार."

शेजारी त्या गाववाल्याच्या बायकोकडे गेलो. तिला यातले काही ठाऊक नसणार, असे मी धरून चाललो होतो. ती मोहफुले वाळत घालत होती. मी उभ्यानेच वाचू लागलो. कांद्यापर्यंत आलो तेव्हा तिने हात वर केला.

"मले माहीत हाय, बापू. भाऊजीनं आल्या दिवशीच सांगतलं. पाणी पण नव्हतं पेलं."

"मग ताप?"

"तो पोरीसाठी. लहान होती, भाऊजीच्या ताटात जेवे. आताही माहेरी आली का आधी तिकडं जाते, मंग इकडं. मी कोन तिची!" ती फुले पसरत राहिली. "तिले वाचता येते. ताप लिव."

चंद्रपूरला परतल्यावर मी तो परिच्छेद काढला आणि 'ताप' लिहिले. मजकूर रविवारी दोन कॉलम छापून आला.