आक्काची पाठ

प्रताप खरात अमेरिकेतल्या कॅरी गावात अडतीस वर्षं राहिला, पण तोंड उघडलं की वाटतं, गडी आत्ताच म्हसवडच्या एसटीतून उतरलाय. नळाचं पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर तो इंजिनियर होता. रिटायर झाला तेव्हा लेकीनं, अनिकानं, कॅमेरा घेऊन दिला. तिला वाटलं बाबा फुलं काढतील, पानगळ काढतील. ह्यानं बबून काढायला घेतले.

बबून म्हणजे आफ्रिकेतलं दांडगं माकड. कुत्र्यासारखं लांब तोंड, लालभडक ढुंगण, आणि नराच्या मानेवर अशी राखाडी आयाळ, की वाटावं आत्ताच न्हाव्याकडून उठून आलाय. कॅरीपासून सव्वा तासावर एक झू आहे, तिथं सोळा बबूनांचा कळप होता. प्रतापनं वर्षाचा पास काढला आणि चार वर्षं शनिवार म्हणून चुकवला नाही. काचेत आपलंच प्रतिबिंब पडू नये म्हणून काळा टी-शर्ट घालायचा आणि लेन्सचं तोंड काचेला टेकवून तासन् तास उभा राहायचा. तिथल्या मराठी मंडळातली पोरं म्हणायची, काका, यलोस्टोनला जा की, अस्वलं मिळतील. हा म्हणायचा, अस्वलाशी आपली वळख न्हाई.

कळपात एक म्हातारी मादी होती. डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट नव्हतं. तिचं नाव ह्यानं ठेवलं आक्का, कारण त्याची थोरली बहीण रुसली की अशीच भिंतीकडं तोंड करून बसायची. ह्यानं कॅमेरा उचलला की आक्का पाठ फिरवायची. चार वर्षांत अकरा हजार फोटो झाले. उन्हातली पाठ, पावसातली पाठ, बर्फ भुरभुरलेली पाठ. तिचं सरळ ह्याच्याकडं बघणारं तोंड एकातही नाही. आणि ह्याला हवा होता तेवढाच एक.

बायको सुनेत्रा फलटणची, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. "पस्तीस वर्षं समोर बसून जेवतेय," ती म्हणायची, "माझा एक फोटो धड नाही. आणि माकडिणीच्या पाठीला हार्ड डिस्क पुरेना."

तो हसून सोडून द्यायचा. तोंडच का पाहिजे, हे त्यानं तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांचा असताना तो भुईमुगाच्या रानात माळ्यावर राखणीला बसायचा, हातात गोफण. एकदा वानरं उतरली. सगळेच मारतात तसा ह्यानं धोंडा मारला. हाकलायलाच मारला होता, पण तो एका वानरिणीच्या कानशिलावर बसला. ती पळाली नाही. बांधावर बसली, ह्याच्याकडं बघत राहिली, आणि बघता बघता कलंडली. गावात वानर म्हणजे मारुतीचं माणूस. तिला तिरडीवर बांधली, टाळ वाजवत नेली, देवळामागं पुरली. बापानं न्हाव्याला बोलावून पोराचं डोकं तासून घेतलं, तेराव्याला गाव जेवू घातलं. शाळेत वर्षभर पोरं ह्याला सुतकी म्हणायची. ते तो विसरला. ती नजर मात्र राहिली. तिच्यात राग होता का काय होतं, हे त्याला आजवर उमगलं नव्हतं. तसल्याच जातीचं एक तोंड पुन्हा समोरून बघायला मिळालं तर उमगेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

आवंदा सप्टेंबरच्या शेवटी झूमध्ये पाटी लागली. बबूनांना दुसऱ्या राज्यातल्या झूला हलवणार. ह्याच्या हिशेबानं तीन शनिवार राहिले.

पहिला शनिवार असाच गेला, पाठीवर. दुसऱ्या शनिवारी त्यानं खुळेपणा केला. सुनेत्रा दर शनिवारी मारुतीपुढं फुटाणे-गूळ ठेवते आणि प्रसादाची पुडी ह्याच्या जाकिटात सारते. दर वेळी तो ती गाडीतच खातो. त्या दिवशी ती खिशात राहिली. काच सोडून तो वरच्या कठड्याशी गेला, तिथं वर उघडं आहे. खायला घालू नये, अशी हातभर पाटी समोरच होती. ती त्यानं चार वर्षं वाचली होती. पण डोक्यात गावाकडचं आलं: शनिवारी मारुतीच्या माणसांकडं रिकाम्या हातानं जातंय का कुणी? चार वर्षं आपण हात हलवत येतो, मग ती तोंड कशाला दाखवील? त्यानं मूठभर फुटाणे खाली टाकले.

दोन पिल्लं धावली. मागनं मोठा नर आला. एकच कालवा झाला, आणि एका पिल्लाचा कान नराच्या दातात अर्धा फाटला. पिल्लू किंचाळत आक्काच्या पोटाशी घुसलं. कॅमेरा ह्याच्या गळ्यात तसाच लोंबत होता.

कुणी पाहिलं नव्हतं. गुपचूप निघून गेला असता तरी चाललं असतं. पण पोटात काय गेलं ते डॉक्टरला कळायला पाहिजे, म्हणून उरलेले फुटाणे तळहातावर घेऊन तो मोनाकडं गेला. मोना म्हणजे त्या कळपाचं सगळं बघणारी बाई, ह्याला तोंडओळखीची. तिनं फुटाणे पिशवीत घातले, फोन केला, कागद भरला. नियमाप्रमाणं पास रद्द, असं सांगून तिनं कार्ड काढून घेतलं. मग विचारलं, चार वर्षं शहाण्यासारखा येणारा माणूस, आज काय झालं?

तिथं त्यानं वानरिणीची गोष्ट सांगितली. जन्मात पहिल्यांदा, आणि तीही इंग्रजीत. तिरडीला काय म्हणतात तेही त्याला आठवेना. आक्काचं तोंड कशाला हवं होतं तेही सांगितलं. आज दुसऱ्यांदा माझ्या हातून झालं, एवढं म्हणून तो थांबला.

मोनानं मान हलवली. धीर बीर काही दिला नाही. वानरिणीचं मला सांगता येणार नाही, म्हणाली, पण ह्या आक्काचं सांगते.

"डोळ्याला डोळा लावणं म्हणजे त्यांच्यात दम देणं. ज्याची धास्ती असते त्याच्यावर ते नजर ठेवतात. तुला ती पाठ दाखवते, कारण तू तिच्या खिजगणतीत नाहीस."

प्रताप घरी आला. सुनेत्राला सगळं सांगितलं, बांधापासून फुटाण्यापर्यंत. अनिका फोनवर म्हणाली, "बाबा, यू शुड हॅव टोल्ड अस." सुनेत्रानं पुढच्या शनिवारी पुडी तेवढी बांधली नाही.

त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मोनाचा फोन आला होता. नव्या झूला प्रत्येक जनावराची टिपणं द्यायची होती. दोन तास बसून दर मिनिटाला कोण काय करतं ते तक्त्यात भरायचं, आणि तिचा नेहमीचा माणूस आजारी. सोळा जणांना पाठीवरून ओळखणारा दुसरा कोण मिळणार? अटी दोन. खिसे दारात रिकामे करायचे, आणि कॅमेरा घरी.

गेला. मोनाशेजारी काचेपाशी स्टुलावर बसला, मांडीवर तक्ता, हातात पेन्सिल. फाटक्या कानाचं पिल्लू हुंदडत होतं, टाके दिसत होते. आक्का आली आणि काचेला पाठ लावून, ह्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर बसली. हा खुणा करत राहिला. बसलीय. खाजवतेय. पिल्लाच्या उवा बघतेय. तक्त्यात एक रकाना होता, माणसाकडं बघते. आक्कापुढं तो शेवटपर्यंत कोराच राहिला. सत्तराव्या मिनिटाला तिनं मान जराशी वळवली, तेव्हा ह्यानंच खाली तक्त्याकडं बघितलं. वर बघितलं तर ती पुन्हा पाठमोरी.

जेवताना सुनेत्रानं विचारलं, "दावलं का तोंड?"

"न्हाई. बसली हुती निवांत," तो म्हणाला, आणि दुसरी भाकरी मागितली.

कळप गेला. प्रतापनं अकरा हजारांतला एक फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. सुनेत्रानं हरकत घेतली, आल्यागेल्याला माकडाचं ढुंगण काय दाखवायचं? तेव्हा त्यानं तो खालून चार बोटं कापून आणला.

पाहुणे विचारतात, काका, हे काय आहे?

"आमची आक्का हाय," तो सांगतो. "बसलीया."