स्तूपाच्या जोत्यावर पोतं

"धर वं माय," असं जोत्यालाच म्हणून तो त्याच्याकडे पाठ करायचा, गुडघे थोडे वाकवायचा आणि पाठीवरचं तुरीचं पोतं हळूच मागे सोडायचा. पोतं टेकलं की त्याचे खांदे खाली यायचे. मग तो तोंड उघडं ठेवून नुसता उभा राहायचा. बसायचा कधीच नाही.

तुम्ही नंदुरबारच्या बाजारात हमाल पाहिले असतील. हा त्यांतलाच एक, धडगावकडचा पावरा आदिवासी. डोंगरातली शेती आटोपली की दर हिवाळ्यात यायचा. घरची बोली वेगळी, आमच्याशी मात्र मोडक्या अहिराणीत बोलायचा. केस बरेच पिकलेले होते.

ते जोतं आमच्या स्तूपाचं होतं. दीक्षा घेतल्यावर वस्तीने आपल्या हातांनी बांधलेला, विटांचा, चुन्याने पांढरा केलेला, माणसाहून थोडा उंच. मागे मिरच्या वाळत घातलेल्या, पुढे रेल्वेच्या मालधक्क्याकडे जाणारी अरुंद गल्ली. लिलावाची ओरड, टांगे, मिरचीच्या खकाण्याने शिंकणारी माणसं. स्तूपापाशी मात्र, का कोण जाणे, सगळे आवाज दबल्यासारखे वाटायचे. वस्तीतून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. घरात जागा नव्हती म्हणून तिथे वाचायला बसायचो. खरं सांगायचं तर पुस्तक मांडीवर ठेवून पुष्कळदा पेंगायचो. संध्याकाळी कापसाच्या जिनिंगमध्ये काम असे, अंगात त्राण राहत नसे.

"मास्तर, काय करी ऱ्हायना?" तो विचारायचा.

"मास्तर नही बाबा. अजून शिकी ऱ्हायनू."

"इतला मोठा व्हई ग्या, तरी?" आणि तो माझी कीव आल्यासारखी मान हलवायचा.

एकदा पोतं टेकवून तो म्हणाला, "ज्यानी हाई बांधं, त्यानं भलं व्हवो. हमालनी पाठ त्याले ठाऊक व्हती."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. घाटवाटेवर ओझं टेकायला दगडी ओटे असतात, तसाच हाही कुणीतरी हमालांसाठी बांधला, असं तो समजत होता. मी चाचरत विचारलं, "मग वरचा घुमट कसासाठे?"

"पोतं मांगे घसराले नको म्हनीसन," तो शांतपणे म्हणाला.

मला हसू आलं, पण हे वस्तीत सांगितलं तेव्हा पंचांना आलं नाही. "इटा आपन डोकावर वाही आन्यात, त्या काय यान्हा पोतासाठे?" एक जण म्हणाला. त्यांचं तरी काय चुकलं? साऱ्या गावात आमची म्हणून तेवढीच जागा होती. तारेचं कुंपण घालायचं ठरलं. "तू शिकेल शे. त्याले नीट सांगी दे," असं मला बजावलं.

मी सांगितलं. स्तूप म्हणजे काय, बुद्ध कोण, मला जमेल तसं. त्याने डोक्याचं फडकं काढलं, कानाला हात लावले. मग हलक्या आवाजात विचारलं, "मंग मी कोठे टेकू?"

त्याची अडचण अशी होती. पोतं जमिनीवर ठेवलं तर परत पाठीवर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. ज्याला वाटेत हात लागतो त्याला मुकादम घरी पाठवतो. पेढीपासून मालधक्क्यापर्यंत पाठीच्या उंचीची दुसरी जागा नव्हती, आणि मध्ये टेकल्याशिवाय आता त्याला निभत नव्हतं. डोंगरातल्या जमिनीत चार महिन्यांपुरतंच पिकायचं. बाकीचं पोट या पाठीवर होतं.

बैठकीत मी हे अडखळत सांगितलं. मग ज्यांच्या देखरेखीखाली स्तूप उभा राहिला ते गवंडीमामा म्हणाले, "तारना बाहेर एक ओटा करी देऊत. कितलासा चुना लागस?"

सगळ्यांनी माना हलवल्या. पण तार येऊन पडली होती, म्हणून आधी कुंपण झालं. ओटा पौर्णिमेनंतर करायचा ठरला.

कुंपण झालं त्या दिवशी तो सवयीने वळला, तारेकडे पाहिलं आणि तसाच पुढे गेला. मालधक्क्याच्या तोंडाशी त्याचे गुडघे दुमडले आणि पोतं रस्त्यावर पडलं. मुकादम समोरच उभा होता. माणूस वाईट नव्हता तो. चहा पाजला, हिशेब केला आणि म्हणाला, "बाबा, आते घर जाय."

हे कळताच गवंडीमामांनी पौर्णिमेची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते ओटा बांधायला बसले, मी विटा देत होतो. वरचा थर बसत आला, तेवढ्यात गाठोडं घेऊन तो एसटीकडे निघालेला दिसला.

मामांनी हाक मारली, "बाबा, देखी ले. उंची बरोबर शे का?"

आता त्याला काय त्याचं, असं मला वाटलं. पण त्याने गाठोडं खाली ठेवलं. ओट्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले, हात खांद्यांमागे नेऊन नसलेलं पोतं सोडलं.

"जरासा उच्चा शे," तो म्हणाला. "मागून येवावालाले त्रास व्हई."

मामांनी वरच्या ओल्या विटा काढून बारक्या बसवल्या. त्याने पुन्हा पाठ लावली. "आते बरोबर शे."

त्यानंतर तो नंदुरबारला आला नाही. त्या दिवशी मात्र गाडीला अवकाश होता. तो डोळे मिटून ओट्याला तसाच टेकून राहिला. मामा थापी हातात धरून थांबले. ओला चुना त्याच्या सदऱ्याला लागत होता, पण त्याला हल म्हणावं, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.