किल्ला पडल्यापासून मागे

तुमच्या शेजारी बसलेला माणूस गोष्ट रचून सांगतोय की डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय, हे तुम्हाला ओळखता येतं? छातीवर हात ठेवून सांगा.

धुलाई कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या मावशीला येत नव्हतं, म्हणून तर तिनं हा डाव मांडला. मागच्या महिन्यात जादा पाळीविरुद्ध तिघींनी अर्जावर सह्या केल्या. अर्ज वर जायच्या आधीच साहेबाला नावं कळली. दोघींना उचलून भट्टीच्या कामावर टाकलं; तिसऱ्या सहीच्या, म्हणजे मावशीच्या, केसालाही धक्का लागला नाही. तेव्हापासून तिच्या पाठीमागे कुजबुज, की नावं हिनंच फोडली. अर्जाची खबर आणखी दोघांनाच होती. एक रफूवाला. दुसरी मावशीची धाकटी जाऊ; ती चादरींच्या घड्या घालते, तिचा नवरा कारखान्याची गाडी चालवतो. मावशीचा संशय रफूवाल्यावर. मेल्याचे कान सदा टवकारलेले.

दुपारच्या सुट्टीत तिघं घड्यांच्या टेबलाशी बसून फाशांवर गोष्टीचा खेळ खेळायचे. ज्यानं त्यानं आपलं पात्र व्हायचं, गोष्ट मावशीनं हाकायची. आज तिनं फासे डब्यातच ठेवले.

"आज शेवट आधी. किल्ला पडलाय. दार आतून कुणीतरी उघडलं. आता एकेकानं त्याच्या आधी काय झालं ते सांगायचं. मागं मागं जायचं."

"कुणाला धरायचंय, मावशे?" रफूवाल्यानं विचारलं.

"तुला का घाम फुटला?"

"तुझ्या शेजारी बसलं की फुटतोच." मग तो खेळला, "दार उघडायच्या आदल्या दिवशी पहारेकऱ्याची बायको शत्रूच्या सरदाराला भेटून आली."

आता पाळी जावेची. ती टेबलावरच्या चादरीची सुरकुती पुसत राहिली. "तिला बसायलाही सांगितलं नाही. उभ्या उभ्या ती काचेखालचा कुत्र्याचा फोटो बघत होती."

"किल्ल्यात फोटो?" रफूवाला खो खो हसला.

मावशीच्या हातातला डबा तिथंच थांबला. तो फोटो साहेबाच्या टेबलावर आहे. पडदे लावायला ती एकदा वर त्याच्या खोलीत गेली होती, तेव्हा पाहिलेला. एरवी खालच्या माणसाला त्या खोलीत पाऊल टाकायची सोय नाही.

"त्याच्या आधी?" तिनं विचारलं.

"सरदार म्हणाला, नावं सांग, नाहीतर तुझ्या नवऱ्याला घरी बसवीन. नावं तीन होती, ताई. तिनं दोन सांगितली."

"आणि तिसरं?"

"तिसरं घरातलं होतं."

रफूवाल्याचं हसू विरलं. तो एकदा हिच्याकडे बघतोय, एकदा तिच्याकडे. मावशीनं एक शब्द काढला की उद्यापासून तिच्यामागची कुजबुज बंद. आणि धाकटीला या टेबलाशी कुणी उभं करणार नाही.

"गोष्ट आहे रे," मावशी म्हणाली. रफूवाल्याला ते पटलेलं दिसत नाही.

"बरं, मग त्याच्याही आधी?" तो विचारतोय.

जाऊ पुन्हा सुरकुती पुसतेय, मावशी फाशांचा डबा उघडतेय, चौथी खुर्ची रिकामी आहे. या, बसा तिच्यावर, आणि रफूवाल्याच्या नजरेला नजर देऊन पुढचा प्रसंग तुम्ही सांगा.