कंपनीची पट्टी

नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही, हा भिवंडीजवळच्या कोन गावातल्या आमच्या घरातला नियम मीच केला होता. टीव्हीचा रिमोट पिशवीत, खुर्च्या कव्हरात. स्कूटरच्या सीटवरचं प्लास्टिक तर उन्हाने तडकून मांड्यांना टोचायला लागलं तरी मी काढू दिलं नाही. भिवंडीच्या हवेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कापसाचे तंतू असतात, ते कशात शिरतील नेम नाही, हे माझं शास्त्रीय कारण.

तेव्हा मी मानकोलीच्या एका गोदामाच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहायचो. घरी मात्र 'कॉम्प्युटरला आहे' म्हणून सांगितलं होतं, आणि साहेबांनाही कॉम्प्युटर येतो असं ऐकवून ठेवलं होतं. थाप अंगाशी आली. साहेबांनी एक दिवस आपला जुना लॅपटॉप आणि त्याची नवीकोरी बॅटरी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "शनिवारी पार्टी येतेय. यावर मालाची यादी दाखवायची. तेव्हा लोडशेडिंग असेल, म्हणजे अर्धा तास बॅटरीवर चालला पाहिजे. जमलं तर तुला ऑफिसात घेतो."

घरी येऊन मी बॅटरी बसवली, वायर लावली. लॅपटॉप सुरू झाला, पण चार्जिंगचा दिवा काही लागेना. वायर काढली की बेटा मान टाकायचा.

मी निदान केलं, व्होल्टेज. गावभर लूम धडधडत असताना बॅटरीच्या वाट्याला काय येणार? फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून लॅपटॉपला लावला. फ्रिज बंद राहिला आणि दूध नासलं. मग धामणकर नाक्यावरच्या दुकानदाराला मीच ठणकावून सांगितलं की चार्जर गेलाय. त्यानेही वाद न घालता नवा दिला. दिवा ढिम्म. शेवटी ठरवलं, शुक्रवारी आठवड्याच्या सुट्टीला लूम बंद असतात, तेव्हा व्होल्टेज भरपूर येईल.

शुक्रवार उजाडला. ट्यूबलाइट लखलखीत, बॅटरी शून्य. मी रडकुंडीला आलो.

बाबा जॉबर होते. बंद पडलेला लूम चालू करून द्यायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. दोन दिवस ते म्हणत होते, "मना दाखव तरी." आणि मी प्रत्येक वेळी सांगत होतो, "बाबा, तू राहू दे. हा लूम नाय." खरं सांगायचं तर त्यांचे ग्रीसचे हात साहेबांच्या वस्तूला लागू नयेत असं मला वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

त्या दिवशी सुट्टीमुळे ते घरीच होते. मी मुकाट्याने लॅपटॉप पुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला, लॅपटॉप उलटा केला, बॅटरी काढली.

"ही पिवली पट्टी कशाला हाय?" बॅटरीच्या पितळी टोकांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"काढू नको, कंपनीची आहे. धूळ जाऊ नये म्हणून."

"पितलंवं पट्टी ठेवलीस तं करंट कुठशी जाईल?" बाबा म्हणाले आणि नखाने ती सोलून काढली. बॅटरी परत बसवली. दिवा लागला.

ते हसले असते तर बरं झालं असतं. "जेवलास का?" एवढंच त्यांनी विचारलं.

शनिवारी लाइट गेली आणि लॅपटॉप चालत राहिला. पार्टी खूश होऊन गेल्यावर नवा चार्जर पाहून साहेबांनी विचारलं, काय बिघडलं होतं? मी म्हटलं, "कॉन्टॅक्टचा प्रॉब्लेम होता, केला सॉल्व्ह." पट्टीचं नाव काढलं नाही. साहेब म्हणाले, "असा माणूस पाहिजे." सोमवारपासून मला ऑफिसात खुर्ची मिळाली.

घरी बाबा ओट्यावर वाट पाहत होते. "चालला का?"

"चालला."

"साहेबाला सांगतलंस, पट्टी कोनी काढली?"

"सांगितलं."

"मंग काय बोलला?"

"बोलला, असा माणूस पाहिजे."

पुढे कितीतरी दिवस बाबा कारखान्यात हे सगळ्यांना सांगत होते. वाक्य खरं होतं. ते कोणाला उद्देशून होतं, तेवढं मी त्यांना कधी सांगितलं नाही.